पावसाळाभर उभी राहिलेली गाडी सुरू होत नसेल तर काय तपासावे

जूनच्या पहिल्या सरींपूर्वी गावच्या घरी पत्र्याच्या शेडमध्ये उभी केलेली गाडी गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवशी पुन्हा बाहेर काढायची, हा मुंबई-पुण्यात राहणाऱ्या अनेक कोकणी कुटुंबांचा दरवर्षीचा क्रम असतो. मधल्या तीन-साडेतीन महिन्यांत रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात हजारो मिलिमीटर पाऊस कोसळून गेलेला असतो, भिंतींना ओल आलेली असते, आणि चावी फिरवल्यावर गाडी उचलत नाही. अशा वेळी बहुतेक जण पुन्हा चावी फिरवतात, आणि मग आणखी एकदा फिरवतात. हा लेख त्या दुसऱ्या वेळेच्या आधी वाचण्यासाठी आहे. पहिल्यांदा सेल्फ (इंजिन फिरवणारी विजेची मोटर) मारताना गाडी जो आवाज करते किंवा करत नाही, त्यावरून दोष कोणत्या बाजूला आहे हे बरेचसे कळते. दहाव्या प्रयत्नापर्यंत मात्र उरलीसुरली बॅटरीही उतरलेली असते आणि मूळ दोषावर दुसरा दोष चढलेला असतो.

येथे मुख्यतः फ्युएल इंजेक्शन (इंजिनात पेट्रोल फवारणारी यंत्रणा) असलेली पेट्रोल गाडी गृहीत धरली आहे. हाताशी साधा डिजिटल मल्टीमीटर, दहा नंबरचा पाना, टॉर्च, रबरी हातमोजे, मास्क, खाण्याचा सोडा आणि जाड तारेची जंपर केबल एवढे साहित्य असावे. ही केबल गाडीच्या डिकीत ठेवू नये. एका वर्षी मी ती तेथेच ठेवली होती, आणि डिकीचे कुलूप विजेवर चालणारे असल्याने, मेलेल्या बॅटरीला जीव देण्याचे साधन मेलेल्या बॅटरीमुळेच बंद झाले होते. शेवटी मागची सीट पाडून एका सडपातळ भाच्याला आत सरपटायला लावावे लागले.

चावीला हात लावण्याआधी

सर्वांत पहिला प्रश्न बॅटरीचा नसून पाण्याचा आहे. गाडी उभी असलेल्या जागेत पुराचे पाणी शिरले होते का, हे शेजाऱ्यांना विचारावे आणि चाकांवर, दाराच्या आतल्या बाजूला किंवा शेडच्या भिंतीवर गाळाची रेघ दिसते का ते पाहावे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीचे पाणी चिपळूण शहरात शिरले तेव्हा असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या. पाणी इंजिनात गेले असेल तर सेल्फ मारणे हा सर्वांत महागडा उपाय ठरतो, कारण पाणी दाबले जात नाही आणि पिस्टन वर येताना त्याला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. ऑइलची दांडी बाहेर काढून पाहावी. तिच्यावरचे ऑइल दुधाळ, कॉफीसारखे दिसले, किंवा पातळी नेहमीपेक्षा वर दिसली, तर चावी खिशात ठेवून गाडी टोचन करून गॅरेजला न्यावी.

पाण्याची शंका नसेल तर बॉनेट उघडावे, पण उघडण्याआधी त्यावर दोन-चार थापा माराव्यात आणि थोडा वेळ थांबावे. उंदीर जेथे घर करतात तेथे त्यांच्या मागोमाग सापही येतो, हे कोकणात कोणाला सांगायला नको. आत टॉर्च मारून उंदराच्या लेंड्या, कुरतडलेला फोम, गवत किंवा कापडाचे तुकडे दिसतात का ते पाहावे. दिसल्यास हात लावण्यापूर्वी हातमोजे आणि मास्क घालावा. उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस हा आजार पावसाळ्यात या पट्ट्यात आढळतो, त्यामुळे ती घाण कोरडी झाडू नये. तिच्यावर जंतुनाशक मिसळलेले पाणी शिंपडून, ओली झाल्यावर उचलावी. एअर फिल्टरच्या डब्याचे क्लिप उघडून आतही पाहावे, कारण तो डबा कोरडा, उबदार आणि अंधारा असतो, म्हणजे उंदराच्या दृष्टीने अगदी तयार घर. माझ्या गाडीच्या फिल्टरवर एकदा नारळाचा काथ्या, जुन्या टॉवेलाचे तुकडे आणि अर्धवट कुरतडलेल्या तीन सुपाऱ्या इतक्या नीट रचून ठेवलेल्या सापडल्या की त्या काढताना क्षणभर वाईट वाटले.

गाडी काय सांगते ते ऐकणे

आता आत बसून गिअर न्यूट्रलमध्ये असल्याची खात्री करावी, क्लच पूर्ण दाबावा, ऑटोमॅटिक असेल तर लीव्हर पार्किंगवर ठेवून ब्रेक दाबावा, आणि चावी फक्त ऑनपर्यंत फिरवून थांबावे. डॅशबोर्डवरचे दिवे लागतात का, ते नेहमीइतके तेजस्वी आहेत का, आणि मागच्या सीटखालून पेट्रोलपंपाचा दोन-तीन सेकंदांचा बारीक गुणगुणाट येतो का, या तीन गोष्टी टिपाव्यात. घरातल्यांना या वेळी गप्प बसायला सांगावे, कारण हा आवाज आरतीच्या तालमीत ऐकू येत नाही. त्यानंतर हेडलाइट लावून, एका माणसाला समोर उभे करून, एकदाच आणि फार तर पाच सेकंद सेल्फ मारावा.

यातून तीन वाटा फुटतात. दिवेच नाहीत, किंवा दिवे मंद आहेत आणि सेल्फ मारताच विझतात, किंवा इंजिनच्या बाजूने टकटकटक असा भराभर आवाज येतो, तर दोष बॅटरीत किंवा तिच्या जोडणीत आहे. दिवे लख्ख आहेत, सेल्फ मारतानाही तसेच राहतात, पण इंजिन फिरत नाही, तर बॅटरीकडून सेल्फपर्यंत हुकूमच पोहोचत नाही. आणि सेल्फ नेहमीच्या जोमाने इंजिन फिरवतो, पण इंजिन पकडत नाही, तर पेट्रोल, ठिणगी किंवा हवा यांपैकी काहीतरी कमी पडते आहे.

हा भेद पाळला नाही तर काय होते ते मी पैसे मोजून शिकलो आहे. सुपाऱ्या सापडण्याच्या आदल्या वर्षी माझी गाडी जोरात फिरत होती, पण पकडत नव्हती. तरीही तालुक्याच्या गावातून आलेल्या मेकॅनिकने बॅटरी गेली म्हणून सांगितले आणि मी नवी घेतली. नव्या बॅटरीवरही गाडी तितक्याच जोरात फिरत राहिली आणि तितक्याच ठामपणे सुरू झाली नाही. दोष इंजेक्टरच्या कनेक्टरपासून दोन बोटांवर, तांबे दिसेपर्यंत कुरतडलेल्या एका वायरीत होता. इंजिन जोमाने फिरत असेल तर बॅटरीवर संशय घेण्याचे कारणच नसते, एवढे त्या दिवशी माहीत असते तर पुरले असते.

बॅटरी

पावसाळ्यानंतर पहिला संशय बॅटरीवर जातो आणि तो बहुधा खरा ठरतो. गाडी बंद असली तरी अलार्म, सेंट्रल लॉकिंग, घड्याळ आणि संगणकाची स्मृती थोडा करंट घेत राहतात. हा वापर ३० मिलिअँपिअर धरला, जो सदोष मानला जात नाही, तरी दिवसाला ०.७२ अँपिअर-तास खर्च होतात. छोट्या गाडीतली ३५ अँपिअर-तासांची बॅटरी या हिशेबाने ४८ दिवसांत रिकामी होते. म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात ठेवलेल्या गाडीची बॅटरी जुलै संपण्याआधीच उतरलेली असते, आणि पुढचा सगळा श्रावण ती उतरलेल्याच अवस्थेत पडून राहते. ही दुसरी गोष्ट अधिक वाईट, कारण रिकाम्या बॅटरीच्या प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक धरतात आणि ते नंतरच्या चार्जिंगने पूर्णपणे विरघळत नाहीत.

मल्टीमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून लाल टोक बॅटरीच्या प्लसवर आणि काळे मायनसवर टेकवावे. १२.६ व्होल्ट किंवा अधिक म्हणजे बॅटरी भरलेली, १२.४ म्हणजे सुमारे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, आणि १२ च्या खाली गेल्यावर सेल्फकडून अपेक्षा ठेवू नये. आकडा चांगला असूनही समाधान मानू नये. दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगून त्या क्षणी आकडा कितीवर घसरतो ते पाहावे. तो ९.६ व्होल्टच्या वर राहिला तर बॅटरी धडधाकट आहे. स्थिर असताना १२.५ दाखवणारी बॅटरी सेल्फ मारताच ७ किंवा ८ वर आली, तर ती भरलेली दिसत असली तरी आतून थकलेली आहे.

मात्र बॅटरीला दोष देण्याआधी तिची टोके पाहावीत. खाऱ्या, दमट हवेत टर्मिनलवर पांढरी-हिरवट भुकटी साठते आणि वरून घट्ट दिसणारी पकड आतून करंट अडवते. याची एक सोपी परीक्षा आहे. मीटरचे एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर आणि दुसरे त्याच खुंटावर बसवलेल्या क्लॅम्पवर टेकवून सेल्फ मारायला सांगावे. दोन्ही धातू एकमेकांना नीट चिकटलेले असतील तर आकडा जवळजवळ शून्य येतो. अर्धा व्होल्ट दिसला तरी तेथे अडथळा आहे असे समजावे. हीच परीक्षा मायनसचा खुंट आणि इंजिनचा उघडा धातू यांच्यामध्ये केली की बॅटरीचे मायनस गाडीच्या धातूला जोडणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीचा गंज पकडला जातो, जो डोळ्यांना सहसा दिसत नाही. साफ करताना आधी मायनस काढावे आणि मग प्लस. लावताना आधी प्लस लावावे. उलट केले आणि प्लस सोडवताना पाना गाडीच्या पत्र्याला लागला, तर थेट शॉर्टसर्किट होऊन मोठी ठिणगी उडते. गरम पाण्यात सोडा मिसळून जुन्या दातघासणीने भुकटी घासावी, हे पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नये, कोरडे पुसावे आणि घट्ट बसवल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावावी.

हाताशी वेळ असेल तर जंपस्टार्टपेक्षा चार्जर बरा. ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीला साडेतीन-चार अँपिअरने रात्रभर चार्ज करावे, तेही उघड्या पडवीत, कारण चार्ज होताना हायड्रोजन वायू सुटतो आणि त्याच्याजवळ समई किंवा उदबत्ती असता कामा नये. चार्ज काढल्यावर काही तास थांबून पुन्हा मोजावे. आकडा १०.५ च्या आसपासच अडकला असेल तर बॅटरीच्या सहा घरांपैकी एक घर मेलेले आहे, कारण प्रत्येक घराचा वाटा सुमारे २.१ व्होल्टचा असतो. अशा बॅटरीवर आणखी वीज खर्च करण्यात अर्थ नाही.

घाई असेल तर शेजाऱ्यांची १२ व्होल्टची गाडी जवळ, पण एकमेकींना टेकणार नाही अशी, उभी करावी. ट्रक किंवा एसटीवरून जोडणी घेऊ नये, त्यांची यंत्रणा सहसा २४ व्होल्टची असते आणि आपल्या गाडीतला संगणक त्यात जळू शकतो. लाल केबल आधी आपल्या बॅटरीच्या प्लसला, मग त्यांच्या प्लसला. काळी आधी त्यांच्या मायनसला आणि शेवटचे टोक आपल्या बॅटरीला न लावता इंजिनच्या उघड्या, रंग नसलेल्या धातूला लावावे, म्हणजे शेवटची ठिणगी बॅटरीपासून दूर पडते. त्यांची गाडी पाच मिनिटे चालू ठेवून मग सेल्फ मारावा. केबल काढताना हाच क्रम उलटा.

वाडीत गाडी बंद पडली की चार माणसे धक्का मारायला आपणहून येतात, आणि त्यांना नको म्हणणे जड जाते. तरीही धक्का देण्यापूर्वी चावी ऑन करून पंपाची गुणगुण ऐकावी. बॅटरी इतकी उतरली असेल की पंप आणि संगणकच जागे होत नाहीत, तर गाडी ढकलून खळ्यापर्यंत नेली तरी सुरू होणार नाही. ऑटोमॅटिक गाडी तर धक्क्याने सुरू होतच नाही. मॅन्युअल गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकून धक्का देता येतो, पण ब्रेकचा भरवसा अजून घ्यायचा आहे हे विसरून उतारावर तो प्रयोग करू नये.

दिवे लख्ख, पण सेल्फ गप्प

येथे आधी फुकटच्या गोष्टी पाहाव्यात. क्लचच्या पेडलखालच्या स्विचमध्ये कचरा अडकला तर गाडीला क्लच दाबलेला कळत नाही. ऑटोमॅटिक गाडीत लीव्हर एकदा न्यूट्रलवर आणून पाहावा. डॅशबोर्डवर चावीचे किंवा कुलपाचे चित्र लुकलुकत असेल तर गाडी चावी ओळखत नाही, म्हणून घरातली दुसरी चावी वापरून पाहावी. बटणाच्या गाडीत रिमोटमधला सेल, बहुधा सीआर२०३२, दमट हवेत उतरतो किंवा गंजतो. तोवर रिमोट थेट स्टार्टच्या बटणाला टेकवून बटण दाबल्यास बऱ्याच गाड्या सुरू होतात. एवढ्याने काम झाले नाही तर फ्यूजच्या डब्याच्या झाकणावरचा नकाशा पाहून सेल्फचा फ्यूज आणि रिले (विजेने चालणारा छोटा स्विच) तपासावा. एकदाच खट्ट असा जड आवाज येऊन पुढे काही होत नसेल, तर सेल्फला वीज जोडून देणाऱ्या सोलेनॉइडमध्ये गंज धरलेला असण्याची शक्यता आहे. सेल्फच्या अंगावर पान्याच्या दांड्याने हलके ठोकल्यावर तो एखादे वेळी फिरतो, पण हा उपाय गॅरेजपर्यंत पोहोचण्यापुरता मानावा.

सेल्फ फिरतो, पण इंजिन पकडत नाही

या वाटेवर मालकाने धीर धरावा. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि दोन प्रयत्नांत किमान अर्धा मिनिट जाऊ द्यावे, नाहीतर सेल्फच तापून बसतो.

पेट्रोलपंपाची गुणगुण ऐकू आली नव्हती, तर प्रथम त्याचा फ्यूज पाहावा. फ्यूज ठीक असेल तर पंपाचा रिले काढून त्याच डब्यातला, त्याच क्रमांकाचा दुसरा रिले, बहुधा हॉर्नचा, त्या जागी लावून पाहावा. पंप बोलू लागला तर दोष फक्त रिलेत होता. तरीही गुणगुण नसेल तर मागच्या सीटखालच्या वायरी पाहाव्यात, कारण सीटचा फोम आणि वायरीचे आवरण या दोन्ही गोष्टी उंदरांना सारख्याच प्रिय असतात.

पंप चालत असेल तर चावी तीन वेळा ऑन-ऑफ करावी, दर वेळी गुणगुण थांबेपर्यंत थांबावे आणि मग सेल्फ मारावा. महिनोन्‌महिने रिकाम्या झालेल्या नळीत त्यामुळे दाब भरतो. पुष्कळ गाड्या येथेच सुरू होतात. तीन-चार महिन्यांत पेट्रोल पूर्ण निकामी होणे दुर्मिळ असले, तरी त्यातला हलका, चटकन पेटणारा भाग उडून जातो आणि पहिली ठिणगी पकडायला इंजिन कुरकुरते; टाकीत पाच-सात लिटर ताजे पेट्रोल ओतल्याने फरक पडतो. सध्याच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल पाणी धरून ठेवते. टाकीच्या झाकणातून पावसाचे पाणी आत गेले असेल तर ते इथेनॉलला घेऊन तळाशी बसते, आणि पंप नेमका तळातूनच ओढतो. मेकॅनिककडून नळीतले थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत घेऊन तासभर ठेवावे. दोन थर स्पष्ट दिसले तर टाकी रिकामी करण्यावाचून गत्यंतर नाही. गाडी सीएनजीची असली तरी अनेक गाड्या सुरुवात पेट्रोलवरच करतात, म्हणून हे त्यांनाही लागू आहे.

वारंवार सेल्फ मारल्यावर सायलेन्सरजवळ कच्च्या पेट्रोलचा उग्र वास येत असेल, तर उलट पेट्रोल जास्त झाले आहे. दहा मिनिटे थांबावे, मग अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरून सेल्फ मारावा; बहुतेक इंजेक्शनच्या गाड्या या स्थितीत पेट्रोल तोडतात आणि आतले जास्तीचे बाहेर जाते. वास अजिबात येत नसेल तर सेल्फ मारताना आरपीएमचा काटा पाहावा. तो अनेक गाड्यांत किंचित हलतो. मुळीच हलत नसेल तर इंजिनचे फिरणे टिपणारा क्रँक सेन्सर किंवा त्याची वायर तुटल्याचा संशय घ्यावा, आणि गाडीच्या संगणकातले दोष वाचणारा ओबीडी स्कॅनर मिळाला तर पी०३३५ हा कोड येतो का ते पाहावे. ठिणगी पाहण्यासाठी प्लगची वायर उपटून इंजिनला धरण्याची जुनी पद्धत मात्र आजच्या गाड्यांवर करू नये. तेथे हजारो व्होल्ट असतात आणि ते हाताला किंवा गाडीच्या संगणकाला, दोहोंपैकी कोणालाही मानवत नाहीत. इंजिन सुरू होऊन एक-दोन सेकंदांत बंद पडत असेल, तर पुन्हा चावी ओळखण्याच्या दोषाकडे वळावे.

डिझेल गाडीत इंजिन आतून तापवणाऱ्या ग्लोप्लगचा दिवा विझेपर्यंत थांबावे, फिल्टरखालचा पाण्याचा बोल्ट सैल करून साचलेले पाणी काढावे, आणि फिल्टरजवळ हातपंप असल्यास तो कडक होईपर्यंत दाबावा, म्हणजे नळीतली हवा निघते.

गाडी सुरू झाल्यावर

शेड बंदिस्त असेल तर इंजिन पकडताच गाडी उघड्यावर आणावी, कारण धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. सायलेन्सरमधून आधी थोडे पाणी व पांढरी वाफ येणे स्वाभाविक आहे. बॅटरीवर पुन्हा मीटर धरावा. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले तर बॅटरी भरणारा अल्टरनेटर काम करतो आहे. जागेवर उभी ठेवून बॅटरी भरत नाही, अर्धा-पाऊण तास गाडी चालवावी लागते.

पण चालवण्याआधी ब्रेक पाहावेत. हँडब्रेक ओढून ठेवलेला असेल तर मागचे लायनर ड्रमला गंजाने चिकटतात. पहिला आणि रिव्हर्स गिअर आळीपाळीने टाकून गाडी हलकेच डोलवावी. टक्क आवाज होऊन चाक सुटते. सुटले नाही तर जोर करू नये. अंगणात दोन-तीन वेळा थांबून पाहावे, पहिल्यांदा ब्रेक खरखरतील ते डिस्कवरच्या गंजामुळे. टायरमध्ये हवा भरल्याशिवाय घाट उतरू नये.

पुढच्या मे महिन्यात गाडी ठेवताना टाकी भरून ठेवावी, हँडब्रेक न ओढता पहिला गिअर टाकून चाकांना दगडाची ओट, म्हणजे गाडी सरकू नये म्हणून अडसर, लावावी, डिकी उघडी आहे तोवर केबल बाहेर काढावी आणि शेवटी बॅटरीचे मायनस सोडवावे. मी स्टिअरिंगला एक चिठ्ठी चिकटवतो: मायनस काढले आहे, दहाचा पाना स्वयंपाकघरातल्या खुंटीला आहे, ओट डाव्या मागच्या चाकाला आहे, फिल्टरचा डबा आधी उघडणे.